कारणाचा रकाना

अर्नेस्टीन मावशी,

तुझ्या नव्या दातांवरून आज मी वकिलाशी भांडले.

दिवाळखोरीचा अर्ज भरत होतो. प्रेविटसाहेबांनी विचारलं, "वर्षभरात कुणा नातेवाइकाचं देणं फेडलंत?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "हो! मावशीचे चार हजार डॉलर. क्रेडिट कार्डवाल्यांच्या आधी तिचे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "इथंच घोळ केलात. कोर्टाचा माणूस ते तिच्याकडून परत मागणार आणि तुम्ही ज्यांचं देणं लागता त्या सगळ्यांत वाटणार. परक्याला दिले असतेत, तर तीन महिन्यांनी कुणी विचारलं नसतं. नातेवाइकाला मात्र वर्षभर धरतात."

"अहो, तिनं त्यातून दात बसवले! ते काय काढून देऊ?"

"मग पाच महिने थांबून अर्ज करा, म्हणजे वर्ष उलटेल."

"आणि अर्ज होईपर्यंत कार्डवाले दर शुक्रवारी माझा पगार कापतात, तो तुम्ही भरणार?"

काय कायदा आहे! व्याजावर व्याज लावणाऱ्यांना वाटा, आणि माझ्या ऑपरेशनच्या वेळी गुपचूप पाकीट हातात देणारीला नोटीस! तू "सावकाश दे गं" म्हणाली होतीस, मीच ऐकलं नाही. ईस्टरला चर्चमध्ये तू तोंडावर हात न धरता हसलीस, तेव्हा अख्ख्या मेम्फिसमध्ये माझ्याइतकं श्रीमंत कुणी नव्हतं.

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही. अर्जावर मात्र सही करून आले. त्यात तुझं नाव आहे, रक्कम आहे, आणि पैसे का दिले, असा एक रकाना आहे.

मी लिहिलं, 'तिनं कधीच मागितले नाहीत म्हणून.'

तुझी,
व्हर्लिंडा