पेन्सिलीची रेघ

विहीणबाई, तुमची लेक जाताना साखरेच्या कपाटाची किल्ली घेऊन गेली. परवापासून बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरवतेय, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. हे आधी सांगून टाकलं. आता नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत (बसून राहायची सवय नाही ना).

भांडणाची तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल. माझी अशी, की वर्षभर डोळे फोडून जिच्यावर फुलं भरली त्या माझ्या पांढऱ्या चादरीवर मधोमध काळ्या शाईचा डाग. घरात दिवसभर पेन हातात धरणारी एकच, शिकवणीच्या वह्या तपासणारी तुमची लेक. मी तेवढंच म्हटलं. बरं, पुढे वळणाबद्दल दोन शब्द बोलले, त्यात तुमचंही नाव आलं. तिने बॅग भरली. "डाग माझा नाही असं सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहून द्यावं, मग येईन," म्हणाली. चिरंजीव दारात उभे, खुंटीवरच्या शर्टासारखे.

मग आपली नात मध्ये पडली. ती औषधांच्या कारखान्यात गोळीत काय काय कालवलंय ते वेगळं करून बघते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणाली, "आजी, आईला काय विचारतेस, शाईलाच विचारू." डागातला नखाएवढा तुकडा कातरला (मी तिकडे पाहिलं नाही) आणि थेंबभर स्पिरिटात भिजवला. काळी शाई म्हणे नुसती काळी नसते, दोन-चार रंगांची खिचडी असते. टिपकागदाची पट्टी घ्यायची, खाली रेघ मारायची, रेघेवर शाईचा ठिपका. पट्टीचं टोक ग्लासातल्या स्पिरिटात बुडवायचं, ठिपका मात्र वर राहिला पाहिजे, नाहीतर तिथेच विरघळून जातो. स्पिरिट कागदातून वर चढतं आणि रंगांना ओढत नेतं. कागदाला चिकटून राहणारा रंग मागे पडतो, स्पिरिटाच्या मागे लागणारा वर पळतो (सासर-माहेरच की, पण मी बोलले नाही). एका शाईचे रंग दरवेळी त्याच अंतराने सुटतात, म्हणून शाई ओळखता येते.

तीन ग्लास मांडले. एक डागाचा, एक चिरंजीवांच्या पेनाचा, एक तुमच्या लेकीच्या इथे विसरलेल्या पेनाचा. नात झाकणं आणायला आत गेली. तिने रेघा मारलेल्या पेन्सिलीने, असून नसल्यासारख्या. उद्या कुणी नाकबूल जायला नको, म्हणून तुमच्या लेकीच्या पट्टीवरची रेघ मी माझ्या पेनाने ठसठशीत करून ठेवली.

झाकणं ठेवली आणि आम्ही तिघं बसलो. नातीने नखं खाल्ली, तिच्या आईचाच प्रश्न होता. डागाच्या पट्टीवर खाली जांभळा, मध्ये निळा, वर पिवळा. चिरंजीवांचा नुसता निळा, सुटले. तुमच्या लेकीच्या पट्टीवर जांभळा, निळा, पिवळा. मी खुर्चीतून उठले. "बघ," म्हटलं.

नात बघतच राहिली. ते रंग ठिपक्यापुरते नव्हते, या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टेच्या पट्टे चढले होते.

"आजी, ही रेघ कुणी मारली?"

"ठळक नको का?"

"पेन्सिल स्पिरिटाबरोबर चढत नाही, म्हणून पेन्सिल. तुझं पेन दाखव."

चष्म्याच्या डबीतून काढून दिलं. त्याचं टोपण कधीच गेलंय, आणि डबीचं झाकण लागत नाही. दुपारी पडताना ती डबी मी कुठे ठेवते, हे तिने विचारलं नाही. चादरीकडे पाहिलं फक्त.

नव्या पट्ट्या लावल्या. तुमच्या लेकीच्या शाईतून गुलाबी आणि निळा निघाला (आधी माझ्या रेघेच्या रंगांखाली झाकले गेले होते). माझी पट्टी म्हणजे डागाची जुळी बहीण. तेव्हा कुठे चिरंजीवांना वाचा फुटली. "आई, चहा करू?" करतोय. साखर कुलपात.

कळावे.
तुमची विहीण

ता. क. डाग तिचा नाही. हे मी माझ्या हाताने लिहिलंय, आणि त्याच पेनाने.

आणखी ता. क. किल्ली पोस्टाने पाठवू नका, वाटेत हरवेल. जिने नेली तिनेच आणावी.

शेवटचं. कोणत्या गाडीने येते ते तुम्ही कळवायचं नाही. तिच्या नावाने चार ओळी तुम्हीच खरडाल, ओळखून आहे. तिचं पेन पाकिटात घातलंय. उत्तर तिनेच, त्याच पेनाने लिहावं. इथे पट्टी तयार आहे, रेघ पेन्सिलीची.