पाठ फिरवून तपासलेला सफेदा

चाचा, आज वर्कशॉपमध्ये एका कंपनीचा माणूस आला होता. हातात टूथपेस्टसारखी ट्यूब. म्हणाला, इंजिनाचा कुठलाही स्टड असो, कुठलाही बोल्ट असो, हे एकच लावा आणि विसरून जा. मी त्याला चहा पाजला, हसून चार गोष्टी केल्या आणि त्याच्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. ‘कुठलाही’ म्हणणाऱ्या माणसापासून जपून राहायचं, हे तुमच्याच हाताखाली शिकलो. जो स्टड पाण्याच्या पोकळीत उतरतो, त्याच्या आट्यांना सफेदा, म्हणजे ती पांढरी भुकटी, जवसाच्या तेलात कालवून. जिथं तेलाची वाट आहे तिथं स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. आणि ज्या भोकाला खाली बूड आहे, त्यात काही भरायचं नाही, नुसतं तेलाचं बोट फिरवायचं. “थोडं भरलं तर काय होते, चाचा?” असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “तुह्या तोंडात भाकर कोंबली अन् वरून बूच ठोकलं तर काय होईन? फुटशीन ना बे? इंजिनाचं ओतीव बीडबी तसंच फुटते.”

हे सगळं तुम्ही उघड सांगितलंत. एकच गोष्ट झाकलीत. सफेद्याचा नवा डबा उघडला की तुम्ही तो घेऊन भिंतीकडे तोंड करायचात. क्षणभरच. मग वळून म्हणायचात, “चालते,” नाहीतर, “परत देऊन ये.” तिथं काय चालतं ते मला कधी दिसलं नाही. मी शाळेत फारसा गेलो नाही. जे काही मिळवलं ते कानांच्या जोरावर. रस्त्यावरून जाताना कुणाच्या विहिरीवरचं इंजिन कुठं खडखडतंय ते सांगायचो, आणि शेजारच्या दुकानात हळू आवाजात काय ठरतंय तेही. पण तुमच्या त्या पाठीला कान लावून काही कळेना. हे म्हातारं सफेद्यात काहीतरी टाकतं आणि तेवढंच आपल्यापासून लपवतं, अशी माझी पक्की खात्री झाली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावोगावी तेलावरची इंजिनं येत होती आणि देऊळगाव राजात जालन्याच्या रस्त्याला स्वतःचं वर्कशॉप टाकायचं मी ठरवलं होतं. तुम्ही नको म्हणाला नाहीत, त्याचाही मला संशयच आला. माझ्या नावावरचं पहिलं काम म्हणजे जवळच्या खेड्यातल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन. हेड उतरवलं, स्टड बदलले, नव्या डब्यातला सफेदा तुमच्याच मापानं कालवून लावला. आठवडाही गेला नसेल, तो बाजाराच्या दिवशी गिरणीवाला भर चौकात ओरडत आला. “ओ मिस्त्री! इंजिनातलं तेल पाह्यलं का? पार ताक झालं ताक! बाया दळण डोक्यावर घेऊन वापस चालल्या!” पाणी आट्यांतून चढून तेलात उतरलं होतं. आजूबाजूची माणसं ऐकत होती. ही गोष्ट तशीच राहिली असती तर तालुक्यात कुणी मला इंजिनाला हात लावू दिला नसता.

मी डबा घेऊन तडक तुमच्याकडे आलो. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“चाचा, सफेद्यात अजून काय टाकता तुम्ही?”

“काही नाई.”

“मंग पाठ काऊन फिरवता?”

तुम्ही पाना खाली ठेवलात. “तुले वाटते मी लपवून राह्यलो?”

“हाव. वाटते.”

चाची आत चुलीपाशी होत्या. तिथून आवाज आला, “घ्या! अजून शिकवा लोकाइले!”

तुम्ही माझ्या हातातला डबा घेतलात आणि पुन्हा भिंतीकडे वळलात. मला थुंकल्याचा बारीक आवाज आला. माझ्यावरचा राग थुंकला, असं मी धरून चाललो. “खडू हाये यात,” तुम्ही म्हणालात. “निम्म्याच्या वर.”

“कसं कळलं?”

“नाकानं.”

मग तुम्ही तुमचा डबा पिशवीत टाकलात आणि माझ्यासोबत गिरणीवर आलात. एकेक स्टड काढून आटे पुसलेत, सफेदा लावलात, पण आवळायला पाना माझ्याच हातात दिलात. इंजिन सुरू झालं, पट्टा फिरला, तेव्हा गिरणीवाल्याला सगळ्यांदेखत म्हणालात, “माल खोटा निघाला, शेठ. माणूस नाई.” त्या एका वाक्यावर माझं वर्कशॉप उभं राहिलं.

तरी माझा संशय गेला नाही. पुढं कितीतरी वर्षं मी डबे हुंगले. खरा काय, खोटा काय, दोन्हींचा वास एकच. म्हणजे चाचा खोटं बोलले, हे नक्की. शेवटी मी माझी रीत काढली: खरा सफेदा शिशाचा, म्हणून हाताला जड लागतो आणि डब्यावर टिचकी मारली तर ठस्स वाजतो. तुम्हाला ही रीत सांगितली तेव्हा तुम्ही नुसते हसलात. तोवर तुमची मनगटं लुळी पडायला लागली होती, पाना हातातून गळायचा, पोट पिळून निघायचं, हिरड्यांवर निळसर रेघ आली होती. जालन्याच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, “हे रंग वगैरे खातात का?” मला हसू आलं. म्हटलं, शिकलेल्या माणसानं काहीही विचारावं!

तुम्ही गेलात, त्यानंतर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला चाचींनी सांगितलं. “जिभेवर ठेवून पाहेत ते. खरा असला तं गुळचट लागते, खडू असला तं दातात करकरते. मी म्हणे, सांगून टाका त्याले. तं म्हणत, त्याले सांगितलं तं तोबी चाटीन.”

मी ताटावरून उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. पण माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. थोड्याच दिवसांत ते पुन्हा चालायला लागलं. शिसं विष आहे हे ठाऊक होतं, तर स्वतः का चाटत राहिलात? आणि ठाऊक नव्हतं, तर माझ्यापासून का लपवलंत? की कारागिरानं हातची एक गोष्ट राखून ठेवली होती, आणि माझं तोंड पाहून चाचींनी तिच्यावर साखर घातली? चाचींना एक प्रश्न केला असता, तर निकाल लागला असता. दर ईदेला मी त्यांच्या समोर बसून शीरखुर्मा खायचो, इकडचं तिकडचं बोलायचो, त्यांच्या शेळीची चौकशी करायचो. आता त्याही गेल्या. चाचा, त्या खोट्या डब्यानंतर मी आयुष्यात कुणाचाही माल ठोकून, वाजवून पाहिल्याशिवाय घेतला नाही. चाचींचा तो शब्द मात्र तसाच घेतला. वाजवून पाहायची मला भीती वाटली.