कदम दर वेळी वेळेत पोचतो

८ जाने.
जुन्या शेजाऱ्यांच्या ग्लोरियाचा फोन. "काका, झालंच." चार वर्षं झालंच चाललंय. आमची रेल्वेची सिग्नल केबिन पाडली, ती ही पोरगी कॉम्प्युटर गेममध्ये जशीच्या तशी उभी करणार होती. लिव्हर ओढायचे, गाड्या घ्यायच्या. नोकरी सांभाळून शनि-रवि करते, मान्य. पण एवढ्यात माणसं टॉवर बांधतात. मला वाटतं कुणाला तरी विकून मोकळी झालीये न् मला झुलवतेय.

१९ जाने.
वर्तकनगरला तिच्या घरी गेलेलो, न कळवता. मला बघून लॅपटॉप पटकन मिटला. पाहिलं मी. वर परत तोच प्रश्न, आमचा सांधेवाला कदम रूळ बदलायला केबिनपासून सांध्यापर्यंत किती मिनिटांत जायचा? तिसऱ्यांदा विचारतेय. म्हटलं, सहा. गेममध्ये कदम कशाला हवाय तुला?

२ फेब्रु.
हिला म्हटलं, पोरगी काहीतरी उकरतेय. ही म्हणे, तुम्हाला सगळेच चोर दिसतात. पण कदमच का? सायडिंगला एक डबा घसरला, कदमची नोकरी गेली. चौकशीत माझी केबिनमधली वेळांची वही दाखवली, विषय संपला. किती वर्षं झाली त्याला.

१५ फेब्रु.
शेवटी दाखवलं. नेमका तोच दिवस घातलाय. म्हणते, खरा दिवस खऱ्यासारखा घडला तरच बाकीचं बरोबर धरायचं. वेळा माझ्या वहीतल्या, मीच दिलेल्या. ४.१०ला कदमला सांध्यावर पाठवलं, ४.१८ला मालगाडी. स्क्रीनवर एवढुसा कदम चालत जातो, सांधा लावतो, हिरवा बावटा दाखवतो, गाडी सुखरूप पार. सात-आठ वेळा बघितलं.
"डबा घसरतच नाही, काका. माझंच कुठेतरी चुकतंय. दोन वर्षं तेच शोधतेय."
लाजून लपवत होती बिचारी. चहा अर्धा टाकून निघालो.

१६ फेब्रु.
तिचं काही चुकत नाहीये.
कदमला मी सव्वाचारला सांगितलं, तो पोचायच्या आत गाडी आली. पुढच्या केबिनवाल्याशी फोनवर चकाट्या पिटत बसलेलो. वहीत ४.१० आधीच लिहून ठेवलेलं. वेळ आधी भरायची, काम मागनं, सगळेच करायचे. साहेबांनी वही बघितली न् कदमला कामचुकार ठरवला. मी समोर उभा होतो, तोंड उघडलं नाही. लाज वाटते. इथेसुद्धा आज पहिल्यांदा लिहितोय.
तिला एक आकडा बदलून दिला की गेम चालेल. पण मग ती विचारणार, आधी दहा का लिहिलेलं?

२३ फेब्रु.
ग्लो.ने कदमचा नंबर काढला. मोहने गावात भावाकडे असतो. तिने विचारलं तर म्हणाला, "मास्तरांच्या वहीत चार-दहा आहे ना? मग मीच हळू चाललो असेन."
मास्तर म्हणजे मी.
ती खूश. कदमला हळू चालवलं, डबा घसरला, सगळं जुळलं. रविवारी नेटवर टाकणार, कुणीही घ्या न् खेळा. कदमलाही बोलावलंय बघायला. मी यायचंच म्हणे.
मी म्हटलं, एवढी घाई कशाला?
ती हळूच म्हणाली, "काका, हे तुम्ही म्हणताय?"