गप्प झाल्यावर दार उघडायचं

माय,

घरात कुत्र्याचं पिल्लू आणलंय. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, म्हणाली असतीस, माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि ह्यांना कुत्रं हवंय. पण आता लिंबायतची ती पत्र्याची खोली राहिली नाही. आम्ही डिंडोलीकडे चौथ्या मजल्यावर राहतो, नळाला पाणी येतं, गॅलरीत तुळस आहे. मुलाने आपल्या पोरीला कबूल केलं होतं की परीक्षा नीट दिलीस तर पिल्लू आणीन. तिने दिली, मग त्याला आणावंच लागलं. तपकिरी रंगाचं आहे, कान लोंबते, पोट नगाऱ्यासारखं. नातीने त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलंय, माझी जीभ काही त्यावर वळत नाही. मी त्याला लेका म्हणते आणि तो मला ओ देतो.

ते येण्याआधी घरात बाळंतिणीची करावी तशी तयारी चालली होती. चपला वरच्या फळीवर गेल्या, टीव्हीच्या वायरी भिंतीला चिकटवल्या, फिनाइलची बाटली वर ठेवली. नात मोबाइलमध्ये बघून एकेक सांगायची आणि सून ते करायची. माझ्याकडे काम आलं ते अंथरुणाचं. माझी एक जुनी सुती साडी फाडून मी त्याची दुपटी शिवली. आणि मग मुलाने तारेचा पिंजरा आणला, ट्रंकेएवढा, पुढे दार, दाराला कडी. मी पिंजरा म्हटलं तर सून म्हणाली, "मम्मी, पिंजरा नका ना म्हणू. ते त्याचं घर आहे." मी म्हटलं, घराला बाहेरून कडी असते होय गं? ती हसली. मीही हसले. पण ती कडी मी दोनदा लावून, काढून बघितली.

पिंजरा लागणार होताच, माय. मी दुपारी साड्यांवर स्टोन चिकटवते. मार्केटमधून गठ्ठा येतो, मी एकेक साडी जमिनीवर पसरते, गोंदाची बाटली, खड्यांच्या पुड्या, चिमटा, सगळं भोवती मांडून बसते. पिल्लू मोकळं राहिलं तर एका उडीत चार साड्यांची वाट लावील, खडे गिळील ते वेगळंच. मुलगा, सून कामाला, नात शाळेत. दुपारभर घरात मी आणि ते. तेव्हा त्याने आत बसायला शिकायचं असं ठरलं. आणि ते शिकवतातही किती मायेने बघ. आधी दार उघडंच ठेवायचं, आत पोळीचा तुकडा टाकायचा, त्याचं त्याला जाऊ द्यायचं. मग दार नुसतं लोटायचं. मग कडी लावून लगेच काढायची. मग जरा जास्त वेळ. रागावून कधी आत कोंडायचं नाही, मारायचं तर नाहीच. मी बघत होते आणि मला वाटत होतं, हे सगळं मला ठाऊक आहे. कोणी शिकवलं आठवेना.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते आत रडायला लागलं. लहान पोरासारखंच रडतं गं, आधी कुरकुर, मग हुंदके, मग गळा काढून. मी गोंदाचे हात पुसत उठले, कडीला हात घातला, तेवढ्यात सुनेने, ती त्या दिवशी घरीच होती, माझं मनगट धरलं. "मम्मी, रडताना उघडायचं नाही. नाहीतर त्याला कळेल की रडलं की दार उघडतं. गप्प झाल्यावर उघडायचं." तिने चांगल्या मनाने सांगितलं. मी हात मागे घेतला आणि जाऊन मोरीत उभी राहिले. तिला वाटलं हात धुतेय.

ते वाक्य मी उधन्याच्या गल्लीत ऐकलं होतं. लिंबायतच्याही आधी आपण तिकडे राहायचो, आठवतं ना, लूमच्या खात्याच्या पाठीमागे, जिथे मागांच्या धडधडीने भांडी फळीवर आपोआप थरथरायची. त्या गल्लीत सगळ्या बाया सुताच्या कांड्या भरायला खात्यात जायच्या. बापलोक लूमवर, बाया कांड्यांवर, आणि पोरं खोलीत. पोराला खोलीची सवय लावायची, असंच म्हणायचे त्याला. नवी बाई धुळ्या-जळगावकडून आली की बाकीच्या तिला शिकवायच्या: आधी पाण्याला जाताना दार ओढून घे, मग बाजाराला जाताना, मग शिफ्टला. पोराच्या हातात गुळाचा खडा दे, तुझ्या लुगड्याचा तुकडा आत ठेव, त्याला तुझा वास येतो. आणि रडत असलं तर उघडू नको. तूही आम्हांला असंच शिकवलंस. दार लावताना म्हणायचीस, "रडशी तं मी दार उघडसू नई. गुपचूप बठ, मी आत्ते येस." आणि यायचीस. म्हणून मला त्या खोलीची भीती वाटायची नाही. मी शिकले होते. धाकटा भाऊ काही शिकेना.

त्या दिवशी सकाळपासून तो तापला होता. तू त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवलीस, गोळी दुधात चुरून पाजलीस, दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलीस. घरी राहिली असतीस तर शेठने तुझ्या जागेवर दुसरी बाई बसवली असती, आणि एकदा उठलेली बाई परत बसत नसे. तू मला म्हणालीस, पट्टी सुकली की भिजव. मी भिजवत होते, माय. दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी तो जो रडायला लागला तो थांबेना. मी त्याला मांडीवर घेतला तर अंग भट्टीसारखं. आणि मग मला दाराखालच्या फटीतून तुझे पाय दिसले. अंगठ्याशेजारी जोडवी, बोटांत सुताचे कापसासारखे तंतू अडकलेले, टाचेला भेग. तू आली होतीस. शेजारची काकू तिच्या ओट्यावरून तुला सांगत होती, "आता उघडू नको गं. रडतानाच उघडलंस तर उद्या दुप्पट रडेल. गप होऊ दे." तुझे पाय एकदा पुढे आले, पुन्हा मागे गेले. मी हाक मारली नाही. हाक म्हणजे रडणंच, असं मला वाटायचं. मी हाक मारली तर तू आणखी थांबशील.

मग तो गप्प झाला. तू कडी काढलीस.

लोकांना तू सांगितलंस की मी आले तेव्हा तो गप्पच होता. बापाला सांगितलंस, गावाहून आलेल्या मामाला सांगितलंस, जाईपर्यंत तेच सांगत राहिलीस. ते खोटं तरी कसं म्हणू, तू आत आलीस तेव्हा तो गप्पच होता. काकू मूग गिळून बसली आणि पावसाळ्यानंतर खोली सोडून गेली. त्यानंतर तू खात्यात गेली नाहीस. लिंबायतला आलो, तू घरी पापड लाटलेस, शिलाईचे धागे कापलेस, पण दार म्हणून कधी लावलं नाहीस. दुपारी मी झोपले की तू हलवून उठवायचीस. कापडाचे गठ्ठे पोचवून दमून आलेली असायचे मी, मला राग यायचा. काय गं, काय झालं, म्हटलं की तू म्हणायचीस, काही नाही, झोप. पुन्हा थोड्या वेळाने बोट नाकाशी धरायचीस. पुढे माझ्या मुलालाही तू असंच उठवलंस. पाळण्यात निजवलं की तू पायाशी बसून राहायचीस आणि तो जरा शांत निजला की तळव्याला गुदगुल्या करायचीस. मी तुझ्यावर ओरडले होते तेव्हा. तू ऐकून घेतलंस.

आता खरं सांगते. पिल्लू कधीच शिकलं होतं. आठवड्याच्या आत ते आपणहून आत जायला लागलं, माझ्या साडीच्या दुपट्यात नाक खुपसून निजायला लागलं. मी खडे चिकटवत बसायचे आणि मागे आवाज नाही. एवढासा जीव, छाती हलते की नाही ते तारांमधून दिसेना. मी उठून जायचे, पुन्हा येऊन बसायचे, चिमट्यातला खडा हातातून गळून पडायचा. शेवटी मी जाऊन बांगड्या तारांवर वाजवायचे. ते दचकून उठायचं, मला बघून शेपूट हलवायचं, बाहेर यायला रडायचं. आता रडतंय म्हणजे उघडायचं नाही. मग मी तशीच समोर बसून त्याचं रडणं ऐकायचे आणि माझा जीव भांड्यात पडायचा. पुन्हा निजलं की पुन्हा बांगड्या. असं रोज.

घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावरची गुजराती बेन वर आली. तिचा मुलगा रात्रपाळीचा, दिवसा निजतो, आणि तुमचं कुत्रं आखी दुपार रडतं, म्हणाली. तिची काय चूक? मुलाने तिची माफी मागितली आणि रात्री जेवताना सांगून टाकलं की रविवारपर्यंत गप्प झालं नाही तर ज्या मित्राकडून आणलं त्याला परत देऊ. नातीने ताट सरकवलं. ती पिंजऱ्याशी जाऊन बसली आणि त्याला हिंदीत समजवायला लागली, "चुप रह ना, प्लीज, चुप रह." पोर त्याला गप्प राहायला विनवत होती, आणि मी तिथेच पोळ्या वाढत होते.

मी काय करायचं होतं? सांगायचं, की मीच त्याला रडवते. मग मुलगा विचारणार, का? आणि त्या का-ला उत्तर एकच आहे, ते तुझे पाय आहेत. मुलाला एवढंच ठाऊक आहे की त्याचा मामा लहानपणी तापाने गेला, आजी कामावर होती. तुझा फोटो त्याने नवीन चौकटीत बसवलाय, दिवाळीला स्वतः पुसतो. तुला किती जपतो तो! मी ते सांगितलं असतं तर त्याने पुढच्या दिवाळीला फोटो कसा पुसला असता? आणि नाही सांगितलं तर पोरीचं पिल्लू जाणार, त्याचा काही दोष नसताना.

शनिवारी सकाळी चहाला मी सांगितलं. म्हटलं, ते निजतं, मीच उठवते. बांगड्या वाजवते. मुलाने कप खाली ठेवला. "पण का, मम्मी?" मी म्हटलं, म्हातारपणाचा चाळा आहे, शांत घर सहन होत नाही मला. तो जरा हसला, मग हसायचा थांबला. सून माझ्याकडे बघत होती. तिला काय कळलं कोण जाणे, तिने फक्त एवढं म्हटलं की सोमवारपासून दुपारी तुम्ही साड्या घेऊन समोरच्या ताईंकडे बसा, कुलूप लावून जा, त्याला एकट्याला निजू द्या. नात माझ्याकडे बघेचना. "आजी, तूच?" एवढंच म्हणाली, आणि अजून नीट बोलत नाही. बोलेल. पिल्लू राहिलं आहे, तिला आणखी काय हवं.

तर आता दुपारी मी कुलूप लावते आणि समोर जाऊन बसते. म्हणजे बसायला जाते, पण गठ्ठा तिच्या दारात ठेवून परत येते आणि आमच्याच दाराशी उभी राहते, किल्ली मुठीत धरून. आतून काही आवाज येत नाही. येऊ नये असंच तर सगळ्यांना हवं आहे. समोरची ताई म्हणते, चोर यायचा नाही हो मावशी, या आत. मी म्हणते, आले. पाय हलत नाहीत. तुझा पाय पुढे येऊन मागे गेला होता, तो मला इतकी वर्षं दगडाचा वाटत होता. आता मी किल्ली कुलपाला लावते, पुन्हा काढते, आणि दाराच्या आत फक्त एक कुत्रं आहे.

काल मी फार वेळ उभी राहू शकले नाही. उघडून गेले. ते निजलं होतं, दुपट्यात तोंड घालून, कुशीचा भाग वरखाली होत होता. मी बांगड्या वर सारून मुठीत धरल्या. उठवलं नाही. तिथेच जमिनीवर बसून राहिले, सून येईपर्यंत.

मी वाचायला शिकले ते कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या कागदांवरून, आधी गुजराती, मग मराठी, हे तुला ठाऊक आहे. लिहिण्याचा सराव तेवढा नाही, हे चार दिवस लिहितेय. बसले होते ते तुला माफ केलं असं लिहायला. आज दुपारीही तेच लिहीन म्हणून पेन घेतलं. राग राहिलेला नाही माय, खरंच नाही, पण तो शब्द काही केल्या लिहवत नाही.