खोडायचं नाही ते नाव

१८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा बरा आहे, बाळाला दोन दात आलेत. सुतारकामात तुझा छान जम बसलाय असं वहिनीकडून कळलं. बरं वाटलं.

मी अजून तू सोडलेल्या त्याच ऑफिसात आहे. सध्या आम्ही दवाखान्यात नाव नोंदवायचं यंत्र करतोय. स्टोरीबोर्ड माझ्याकडे होता. पेशंट दारातून आत येतो तिथपासून डॉक्टरांपर्यंत, पायरीपायरीची चित्रं. पंधरा दिवस नुसते कागद फाडले. मग कपाटातली जुनी फाइल काढली.

सरळच सांगते. वाचनालयाच्या यंत्रासाठी तू काढलेल्या चार चौकटी मी उचलल्या. थरथरत्या हाताचा म्हातारा, आणि त्याचं लिहून होईपर्यंत थांबणारा यंत्राचा पडदा. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू फोन ठेवला असतास, आणि तुझं काही चुकलं नसतं.

मंगळवारी चाचणी झाली. एक आजी आल्या, हाताला कंप. आमच्या आधीच्या पडद्याने त्यांना तीनदा पहिल्या पानावर परत पाठवलं. तुझ्या चौकटींवरून केलेला पडदा थांबला. नाव पुरं लिहून त्या मला म्हणाल्या, "याला बरीच समज आहे गं!"

साहेब खूश. पण स्टोरीबोर्डच्या शेवटच्या पानावर मी लिहिलेलं तुझं नाव दिसलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सोडून गेलेल्या माणसाचं नाव कशाला? लोक म्हणतील, यांना नवं काही सुचत नाही. खोड ते."

"नाही खोडणार. हे त्यालाच सुचलं होतं. नाव काढायचं तर चौकटीही काढते. पाठवा आजींना पुन्हा मागे."

मला सात वर्षांपूर्वीची तीच खोली आठवत होती. "असली माणसं यंत्राकडे फिरकतात तरी का?" म्हणून तुझ्या याच चौकटींना हेच साहेब हसले होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी वहीत तोंड खुपसून बसले. पटत होतं तुझं, सगळं पटत होतं. नोकरी नवी होती, हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आले. ते पुरत नाही, दादा.

काल मला त्या कामावरून काढलं. पण चाचणीला हजर असलेल्या मुख्य नर्सबाईंनी लेखी कळवलंय, त्याच चौकटी हव्यात. चौकटी दवाखान्यात गेल्या, तुझ्या नावासकट. मला काडीचाही पस्तावा नाही.

माफी कागदावर मागणार नाही. रविवारी येतेय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी बेल वाजवत राहणार.

तुला मान्य असो वा नसो,
तुझीच धाकटी बहीण