एक कॉलर, दोन बाह्या

प्रिय बंधुराज,

आईच्या हाताच्या ऑपरेशनचं कळवलं, त्यावर तुझं उत्तर मिळालं. येणं नेसेसरी आहे का, असं इंग्रजीत विचारलंस. त्यात नेसेसरीला दोन सी घातलेस आणि एस मात्र एकच. मोठमोठ्या कंपन्यांत इंग्रजी शिकवतोस ना रे? शिकणाऱ्यांची कीव येते.

सातवीत हाच शब्द चुकून मार खाऊन आलास आणि शिवणयंत्राखाली शिरून रडत बसलास. आईला इंग्रजीचा गंध नव्हता. तू हुंदके देत तिला सांगितलंस, की सी एक असतो, एस दोन, आणि माझी नेहमी उलटापालट होते. तिने पाय थांबवला, हातातला शर्ट तुझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "कॉलर एक, बाह्या दोन. कधी उलट पाहिलंयस?" सी कॉलरचा, एस स्लीव्हचा, हे तुझं तुलाच उमगलं. नाक पुसत हसलास. मग कितीतरी दिवस गिऱ्हाइकांच्या शर्टांवर बोट फिरवत स्पेलिंग घोकत होतास.

गेल्या महिन्यात तुझ्या सत्कारात हीच गोष्ट सांगितलीस. फक्त आईच्या जागी कुणी परदेशी प्राध्यापक आले आणि शिवणयंत्राच्या जागी लायब्ररी. आई मागच्या रांगेत माझ्या शेजारी होती. मला वाटलं, उठून जाईल. तिने टाळ्या वाजवल्या. बसमध्ये म्हणाली, की शिंपिणीचं नाव घेतलं असतं तर लोक हसले असते, केलं ते बरंच केलं. तुझी लाज तिने इतक्या समजूतदारपणे पदरात घेतली, तेच मला गिळवत नाही. तुझ्यावर रागावले नाही मी. रागवायला समोरचा माणूस जरा वजनाचा लागतो.

ऑपरेशन काल झालं. बोटं हलतात. पुन्हा मशीनवर बसता येईल का, यावर डॉक्टर काही बोलत नाहीत.

हे पत्र माझ्या हौसेने लिहीत नाहीये. आईचा हात बांधलेला, म्हणून तिचा निरोप उतरवून घ्यायला बसले होते: मी बरी आहे, कामं टाकून धावत येऊ नकोस, जेवणाची हयगय करू नकोस. एवढंच. मी पेन बंद केलं, तेव्हा भिंतीकडे बघत तिने मला विचारलं, तिकडची सकाळची गाडी हल्ली किती वाजता पोचते. त्या गाडीने ये.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई