सात नंबरची सीट

पनवेल, ता. १४ फेब्रुवारी १९९५

तीर्थस्वरूप प्रभाकरराव यांस कमलाकरचा बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार. (साष्टांगातली अर्धी अंगं सध्या माझं ऐकत नाहीत, तेवढी सूट द्यावी.) वहिनींचे गुडघे काय म्हणतात? तुमची धाकटी बहीण नीता खुशाल आहे, असं ती स्वतःच स्वयंपाकघरातून ओरडून सांगते आहे.

स्कूटरवरून पडल्यापासून कमरेखालचं मला काही कळत नाही, हे तुम्ही जाणताच. (कमरेच्या वरचं तरी काय कळतं, असं नीता विचारते.) म्हणूनच गेल्या वर्षी बसून बसून बैठकीला जखम झाली तरी पत्ता लागला नाही, आणि पुढे तीन महिने पालथं पडून काढले. डॉक्टर म्हणाले, एकाच हाडाखाली कातडी तासन्‌तास दबली की तिथलं रक्त अडतं. दर अर्ध्या तासाने खुर्ची मागे कलवा, म्हणजे भार पाठीवर जाईल. पण कलणारी खुर्ची परदेशातून येते, आणि आमच्याकडे परदेशातून फक्त तुमच्या सुशांतचं ग्रीटिंग येतं.

मग कोन गावचा काशिराम वेल्डर धावून आला. भंगारातल्या लक्झरी बसची पुशबॅक सीट त्याने माझ्या चाकांवर चढवली. तिच्यावर ७ हा आकडा आहे आणि पाठीला जाळीची पिशवीसुद्धा. (तीत नीता कोथिंबीर ठेवते.) पहिल्याच दिवशी खटका ओढला, पाठ मागे गेली, मी पुढे घसरलो आणि फरशीवर पोचलो. "बसमदी पाय टेकाला फुडं सीट आसते, हितं नाय," काशिराम शांतपणे म्हणाला. डॉक्टरांनी त्याला फैलावर घेतलं. नुसती पाठ पाडली की माणूस घसरतो, कातडी घासते आणि नको ती जखम तिथेच होते. बूडसुद्धा पाठीबरोबर कललं पाहिजे. तेव्हा त्याने अख्खी सीटच मागे झुकेल अशी बसवली. आता दर अर्ध्या तासाने माझे गुडघे वर जातात आणि समोरच्या पाहुण्याला माझ्या तळपायांचं दर्शन घडतं. जखम मात्र पुन्हा झालेली नाही.

आता रविवारची गोष्ट. आमच्या इमारतीच्या पाच पायऱ्यांशेजारी चाकांसाठी उतार बांधावा का, यावर सोसायटीची सभा होती. मला खाली उतरवता येत नाही म्हणून ती आमच्याच हॉलमध्ये भरली. नीताने दोन महिने दारोदार फिरून मतं जमवली होती. चेअरमननी विचारलं, "विरोधात कोण कोण?" नेमका तेव्हाच अर्धा तास भरला, नीताने खटका ओढला, मी मागे गेलो आणि माझे दोन्ही हात वर झाले. चेअरमननी (माणूस नियमाला पक्का) त्यातला एकच मोजला. उतार एका मताने पडला. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच; पाय दुखत नाही, एवढाच फायदा. नीता स्वतःला दोष देत बसली आहे. मी तिला मोठ्या मनाने माफ केलं आहे.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

आपला नम्र,
कमलाकर

ता. क. तुमचा भाड्याने दिलेला ब्लॉक याच इमारतीत आहे, म्हणजे मत तुम्हालाही आहे. फेरसभा २६ तारखेला. यावंच.

आणखी एक, पण हे नीताला कळू देऊ नका. खटका ओढला गेला तो मी स्वतःच हात वर केल्यानंतर. ती मागे उभी होती, नजर घड्याळावर, तिला दिसलं नाही. खाली गेलो की सगळे माझ्याकडे बघतील, या विचाराने मला घाम फुटला, प्रभाकरराव. रविवारपासून ती नीट जेवलेली नाही आणि मला फार लाज वाटते आहे. तेव्हा मत द्याच, पण उतार झाला की पहिल्यांदा खाली जाताना खुर्ची तुम्ही धरा. तिच्या हातात असलो तर मला घाबरता येणार नाही.